आधी ‘हो’ म्हणा

मोठ्या माणसांना जेवायला बोलावणं सोपं, खेळायला बोलावणं महाकठीण. ‘खेळायला या’ म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर आधी शंका उमटते, मग त्याला स्वतःचे गुडघे आठवतात आणि मग ‘आमचं काय आता खेळायचं वय राहिलंय?’ हे ठरलेलं वाक्य येतं. हेच लोक रात्री दोनपर्यंत रमी खेळतात, कॅरमच्या राणीवरून अबोला धरतात. पण तिथे हातात काहीतरी असतं. पत्ते असतात, स्ट्रायकर असतो, निदान हरल्यावर टेबलावर आपटायला काहीतरी मिळतं. नाटकवाले ज्यांना ‘थिएटर गेम्स’ म्हणतात, त्या आयत्या वेळी सुचेल तसं खेळायच्या खेळांत हातात काहीच नसतं. संहिता नाही, पोशाख नाही, हार-जीत नाही. एक रिंगण असतं आणि रिंगणात बाकीची माणसं असतात. नेमकी त्यांचीच भीती वाटत असते.

कोथरूडच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी आमचं असं रिंगण जमतं. एरवी या हॉलमध्ये गणपती बसतो, वार्षिक सभा होते आणि पार्किंगवरून भांडणं होतात, त्यामुळे नाट्याची परंपरा वास्तूला आहेच. गटात बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, आयटीतली दोन मुलं आहेत, शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई आहेत, एक होमिओपॅथ आहेत, सत्तरी ओलांडलेल्या एक आजी आहेत आणि अस्मादिक. खेळ घेते ती पंचविशीतली, नाटकाचं रीतसर शिक्षण घेतलेली मुलगी. तिला सगळे ‘ताई’ म्हणतात. काकासुद्धा.

सुरुवात ‘झिप-झॅप-झॉप’ने होते. रिंगणातल्या कुणाकडे तरी हात रोखून एकाने ‘झिप’ म्हणायचं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे बघून ‘झॅप’, तिसऱ्याने चौथ्याकडे ‘झॉप’, आणि पुन्हा झिप. अर्थ शोधायचा नाही, वेग सोडायचा नाही. काकांनी आयुष्यभर सही तपासल्याशिवाय कागद पुढे सरकवलेला नाही, त्यामुळे झिप त्यांच्यापाशी आला की थांबतो. त्याची छाननी होते. मग तो ‘झॉप’ होऊन भलत्याच माणसाकडे जातो आणि खेळ मोडतो. असा खेळ मोडला की सगळ्यांनी हात वर करून ‘वाऽ!’ म्हणायचं, असा ताईचा नियम आहे. पहिल्यांदा असं झालं तेव्हा काकांना वाटलं की आपली चेष्टा चाललीय. चुकल्याबद्दल टाळ्या मिळतात, हे त्यांच्या खात्यात कुठे जमा करायचं ते त्यांना कळेना. आता ते अधूनमधून मुद्दाम चुकतात असा आमचा संशय आहे.

यातल्या बऱ्याच खेळांचं मूळ नाट्यगृहात नाही, समाजसेवेत आहे. अमेरिकेत शिकागो शहरात ‘हल हाउस’ नावाची वस्तीतल्या कामाची संस्था होती. परदेशांतून येऊन आसपास राहिलेल्या गरीब कुटुंबांसाठी तिथे वर्ग चालत, खेळ चालत. नीवा बॉइड या बाई तिथे खेळांतून मुलांना कसं शिकवावं याचं प्रशिक्षण देत. त्यांच्या हाताखाली व्हायोला स्पोलिन शिकली आणि 1930च्या दशकात, मंदीच्या काळातल्या सरकारी योजनेत, तिने मुलांची नाटकं बसवायला घेतली. मुलं वेगवेगळ्या देशांतून आलेल्या घरांतली, घरोघरची भाषा वेगळी. ‘एकमेकांचं ऐका’, ‘प्रेक्षकांकडे पाठ करू नका’ असं शंभरदा सांगून कुणीही ऐकणार नव्हतं. मग स्पोलिनने सांगणं कमी केलं आणि असे खेळ रचले की ऐकलं नाही तर खेळच थांबावा. शिकवणाऱ्याने मध्ये थांबवायचं नाही, खेळ चालू असतानाच बाजूने एखादा शब्द टाकायचा. हे सगळं तिने 1963 साली पुस्तकात मांडलं. त्याआधीच, 1959 साली, तिचा मुलगा पॉल सिल्स याने दोन साथीदारांबरोबर शिकागोतच ‘सेकंड सिटी’ हे विनोदी रंगमंडळ उभं केलं होतं. आईने मुलांना ऐकायला शिकवण्यासाठी काढलेल्या खेळांवर मुलाच्या मंडळींनी लोकांना पोट धरून हसवलं. जगाला त्यातला हशा तेवढा लक्षात राहिला.

आयत्या वेळच्या नाटकाचा जगभर सांगितला जाणारा पहिला नियम आहे ‘हो, आणि...’. समोरचा जे म्हणेल ते खरं धरायचं आणि त्यात आपली भर घालायची. इथे आमची अडचण सांस्कृतिक आहे. आमच्याकडे सहमतीची सुरुवातसुद्धा नकाराने होते. ‘नाही, बरोबर आहे तुमचं.’ ‘नाही, छानच झाली होती भाजी.’ हा ‘नाही’ कुणाला उद्देशून असतो ते कुणालाच ठाऊक नाही, पण तो टाकल्याशिवाय वाक्याला बूड येत नाही. त्यातून माहितीतली चूक दुरुस्त करणं हा तर आमच्या शहराचा कुळाचार.

एकदा आयटीतल्या मुलाने होमिओपॅथांसमोर येऊन प्रवेश सुरू केला, ‘डॉक्टर, माझ्या पाठीवर झाड उगवलंय.’ डॉक्टर खरेच डॉक्टर असल्यामुळे त्यांच्याने राहवेना. ते म्हणाले, ‘नाही, असं होत नसतं.’ झालं. झाड गेलं, पाठ गेली, दवाखाना गेला. हॉलमध्ये फक्त दोन पुरुष एकमेकांकडे बघत उभे राहिले. ताई बाजूने म्हणाली, ‘झाड आहे. चालू ठेवा.’ तेवढ्यात आजी पुढे झाल्या, मुलाच्या पाठीकडे मान वर करून बघितलं आणि म्हणाल्या, ‘अगंबाई, याला कैऱ्यापण लागल्यात की! थांब हलू नकोस, पिशवी आणते.’ पुढची दहा मिनिटं तो मुलगा कमरेत वाकून उभा होता. बाईंनी कैऱ्यांची प्रत्येकी वाटणी काढली. काकांनी झाड सोसायटीच्या हद्दीत येतं की नाही याची चौकशी लावली. डॉक्टरांनाही सूर सापडला, त्यांनी पाठीला दिवसातून दोनदा पाणी घालायला सांगितलं. शेवटी मुलाच्या सावलीत कुणाची गाडी लावायची यावर सभा भरली आणि गणसंख्येअभावी तहकूब झाली.

‘हो’ म्हणजे मान डोलावणं नव्हे, हे त्या दिवशी कळलं. खरा कस ‘आणि’चा असतो, कारण कैऱ्या आपल्या आपल्याला काढाव्या लागतात. दुसरं असं की नुसत्या ‘हो’ने लाचार माणसं तयार होतील ही भीतीही खोटी आहे. प्रवेशातला सावकार कर्ज द्यायला खुशाल नाही म्हणू शकतो. मात्र समोरच्याने त्याला सावकार ठरवल्यावर ‘मी सावकार नाहीच, मी तर आचारी’ असं त्याला म्हणता येत नाही. नकार पात्राने द्यावा, नटाने देऊ नये.

एकेका शब्दाच्या गोष्टीचा खेळ वरून फार भाबडा दिसतो. प्रत्येकाने एकच शब्द म्हणायचा आणि रिंगणभर फिरून गोष्ट तयार व्हायची. मराठीत हा खेळ खेळायला जिगर लागते, कारण आपलं क्रियापद येतं शेवटी आणि तोवर जबाबदारी टाळायला भरपूर वाव असतो. पहिला म्हणतो ‘एका’, दुसरा ‘राजाने’. त्या ‘ने’ने पुढच्या सगळ्यांचे हात बांधलेले असतात. आता राजा ‘गेला’ म्हणता येत नाही, ‘झोपला’ म्हणता येत नाही. राजाने काहीतरी करायलाच हवं. मग जो तो आपल्यापुरती सुटका बघतो. ‘काल’, ‘अचानक’, ‘संध्याकाळी’, ‘मोठ्या’, ‘प्रेमाने’. क्रियापद कुणालाच नको असतं. काका थोडं धाडस करून म्हणतात, ‘सासूला’. आणि मग फिरत-फिरत पाळी गणिताच्या बाईंवर येते. त्या वर्गात उत्तर सांगतात तशा शांतपणे म्हणतात, ‘रंगवलं.’ पूर्णविराम.

या खेळात आणखी एक गोष्ट उघडी पडते. आपली पाळी तीन माणसं लांब असतानाच आपण शब्द ठरवून बसतो. मनात ‘वाघ’ पक्का केलेला असतो आणि शेजारच्याने ‘सासूला’ म्हटलं तरी तोंडातून ‘वाघ’च येतो. एरवीच्या गप्पांतही आपलं हेच चाललेलं असतं, फक्त तिथे कुणी पकडत नाही. समोरचा त्याच्या पाठदुखीबद्दल सांगत असतो आणि आपण आपल्या गुडघ्याचं वाक्य तयार ठेवून त्याच्या पूर्णविरामाची वाट बघत असतो.

म्हणूनच या खेळांत सगळ्यांत अवघड माणूस म्हणजे विनोदी माणूस. मध्यंतरी आमच्याकडे एक गृहस्थ येऊ लागले होते. नातेवाइकांत ‘हा असला की हसून हसून पुरेवाट’ अशी त्यांची ख्याती. एका रविवारी काका आणि बाई वडिलांचं घर विकायला निघालेले भाऊ-बहीण झाले होते. काकांनी हवेतल्याच कपाटाचं हवेतलंच दार उघडलं आणि आतून एक वस्तू काढून बाईंच्या हातात ठेवली. बाईंनी ती दोन्ही तळव्यांत धरली, अंगठ्याने पुसली आणि म्हणाल्या, ‘दादा, याची किल्ली कुठंय?’ म्हणजे ते घड्याळ होतं. काकांच्याही ध्यानात ते त्याच क्षणी आलं असावं, कारण त्यांनी चटकन शर्टाचा खिसा चाचपला. हॉलमध्ये कुणी हलेना. तेवढ्यात आमचे विनोदी गृहस्थ पोस्टमन होऊन आत शिरले आणि सासूवरचा एक विनोद सांगून गेले. विनोद बरा होता. हशा आला आणि प्रवेश गेला. किल्ली खिशातच राहिली.

त्यांचा दोष म्हणावा तर एवढाच की ते घरून तयारी करून येत. ही घरूनच दळण घेऊन यायची सवय आहे. आयत्या वेळच्या खेळात दळण समोरच्याच्या धान्याचंच काढावं लागतं. बाई आणि काका एरवी फार विनोदी नाहीत. त्यांच्या प्रवेशांत लोक हसतात ते त्यांना एकमेकांचं नीट ऐकू येतं म्हणून.

आमच्याकडे सर्वांत रंगतो तो पत्त्यांचा खेळ. त्याच्या मुळाशी कीथ जॉनस्टन या इंग्रज माणसाचा विचार आहे. लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये काम करताना त्याच्या लक्षात आलं की दोन नटांचे संवाद निर्जीव वाटतात, पण त्यांना ‘समोरच्यापेक्षा किंचित वरचढ व्हा’ किंवा ‘किंचित खालचे व्हा’ एवढंच सांगितलं की प्रवेशात जीव येतो. माणसं प्रत्येक वाक्याला एकमेकांना वर चढवतात किंवा खाली उतरवतात, हे त्याने ‘इम्प्रो’ या 1979च्या पुस्तकात विस्ताराने सांगितलं. मराठी माणसाला यात नवं काय वाटणार! लग्नाच्या पंगतीत कोण कुठे बसतो, कुणाच्या हाती अक्षता आधी येतात आणि ‘अहो’चा ‘अरे’ कधी होतो, यावर आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या संशोधन चालू आहे.

खेळ असा. प्रत्येकाने न बघता एक पत्ता उचलायचा आणि कपाळाला लावायचा. आपला पत्ता आपल्याला दिसत नाही, बाकीच्यांना दिसतो. सगळ्यांनी एका लग्नात वावरायचं आणि ज्याच्या कपाळावर जो पत्ता, त्या मानाने त्याच्याशी वागायचं. त्या दिवशी काकांच्या कपाळी दुर्री आली आणि आयटीतल्या धाकट्या मुलाच्या कपाळी राजा. काका सवयीने पुढच्या खुर्चीकडे गेले, तर डॉक्टरांनी ती खुर्ची उचलून मुलाला दिली. ‘अहो, मी...’ म्हणेपर्यंत बाईंनी ‘जरा तेवढ्या पत्रावळी उचल रे’ म्हणून सांगितलं. या वयात कुणी ‘रे’ म्हणण्याची काकांना सवय नव्हती. आधी ते ताठ झाले, मग इकडेतिकडे पाहिलं, मग खांदे थोडे खाली आले आणि ते खरोखरच पत्रावळी उचलू लागले. मुलाचं उलट झालं. जो तो ‘आपण’ म्हणतोय हे पाहून तो पाच मिनिटांत मागे हात बांधून चालू लागला, वाक्यं अर्धीच सोडू लागला. त्याला कुणी काही शिकवलं नव्हतं. पत्ते उलटल्यावर काका आपल्या दुर्रीकडे बघत म्हणाले, ‘आमच्या शाखेतला शिपाई तीस वर्षं हा पत्ता लावून हिंडत होता की!’ त्यावर कुणी हसलं नाही. खेळात अशी वाक्यंही येतात आणि ती येऊ द्यावीत.

जॉनस्टनला खुद्द इंग्लंडात अडचण आली ती कायद्याची. तिथे 1968पर्यंत लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारी अधिकाऱ्याने संहिता मंजूर केल्याशिवाय जाहीर नाट्यप्रयोग करता येत नसे. जे आयत्या वेळी सुचणार, त्याची संहिता आधी द्यायची कशी? मग त्याने लोकांसमोरच्या प्रयोगांना शिकवणीचा वर्ग म्हणायची युक्ती काढली. आपल्याकडेही नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते, त्यामुळे आमच्या पाठीवरच्या झाडाचा अर्ज कोणत्या नमुन्यात भरायचा, ही काकांची शंका अगदीच अनाठायी नाही. जॉनस्टन पुढे कॅनडातल्या कॅलगरीला गेला आणि तिथे त्याने दोन संघांत आयत्या वेळच्या नाटकाचे सामने लावले. कल्पना त्याला कुस्त्यांच्या तमाशावरून सुचली होती. कुस्तीला लोक जसे ओरडतात तसे नाटकाला का ओरडत नाहीत, हा त्याचा सवाल होता.

मराठी रंगभूमीला आयत्या वेळच्या नाटकाची नवलाई वाटायचं कारण नव्हतं. 5 नोव्हेंबर 1843 रोजी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा पदं तेवढी रचलेली होती, ती सूत्रधार म्हणे. नटांची भाषणं बरीचशी त्यांच्या त्यांच्या अकलेवर सोडलेली असत. लिहिलेली, पाठ करायची ‘बुकीश’ नाटकं नंतर आली. सिंधुदुर्गात दशावतारी मंडळी आजही खेळाच्या थोडं आधी कोणतं आख्यान करायचं आणि कोण काय होणार ते ठरवतात, आणि मग पायपेटी, मृदंग, झांजांच्या साथीने रात्र उलटेपर्यंत संवाद जागच्या जागी उभे करतात. पुराणं मात्र त्यांना मुखोद्गत असतात. ऐन वेळी सुचायला आधी बरंच काही माहीत असावं लागतं. तमाशातल्या गवळणीत मावशी आणि पेंद्या, पुढे बतावणी, ही तर हजरजबाबीपणाची शाळाच. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ला लिखित संहिता होती, तरी दादा कोंडके त्यात ताज्या घडामोडी पेरत, त्यामुळे लोक तेच नाटक पुन्हापुन्हा पाहायला जात.

आणि हे झालं पुरुषांचं. आमच्या आजी पहिल्याच रविवारी इतक्या तयार कशा, याचं कोडं आम्हाला बरेच दिवस पडलं होतं. विचारल्यावर म्हणाल्या, ‘मंगळागौरी काय कमी जागवल्यात?’ झिम्मा-फुगडी दमल्यावर मध्येच एकीने सासू व्हायचं, एकीने सून, नाहीतर दोन सवती. पिंग्यात एकीने दुसरीवर कुरघोडी करायची. शब्द ठरलेले होते, पण खरी गंमत त्यापुढच्या स्वतःच्या भरीत. घरातली खरी सासू समोर बसलेली असे आणि सून तिच्याच देखत तिची नक्कल करत असे. एरवी ज्या वाक्याला घर सोडावं लागलं असतं, त्याच वाक्याला त्या रात्री खिरापत मिळे. ‘आम्ही नऊवारीत करायचो, तुम्ही ट्रॅकपँटमध्ये करता, एवढाच फरक,’ असं म्हणून आजींनी चर्चा संपवली.

हल्ली मोठमोठ्या कंपन्याही हे खेळ करवून घेतात. हॉटेलच्या हिरवळीवर साहेब आणि कारकून ‘झिप-झॅप-झॉप’ करतात आणि संघभावना वाढल्याचं सोमवारी ईमेलने कळवलं जातं. वाढत असेल. पण जिथे कपाळावरचा पत्ता खेळानंतरही उतरत नाही, तिथे दुर्रीने राजाला खुर्ची न देण्याचं धाडस करू नये, एवढं तिलाही कळतं. या खेळांनी माणूस नट होत नाही, त्याचा लाजाळूपणा एका सकाळीत पळत नाही आणि गुडघे तर मुळीच बरे होत नाहीत. आमच्या सोसायटीतलं पार्किंगचं भांडणही मिटलेलं नाही. एवढं मात्र खरं की काका हल्ली वार्षिक सभेत समोरच्याचं वाक्य संपू देतात.

तेव्हा पाच-सहा माणसं आणि खुर्च्या बाजूला सारलेली एक खोली मिळाली तर हा खेळ जरूर मांडा. खर्च काही नाही, जुना पत्त्यांचा कॅट पुरतो, त्यातली एखादी सत्ती हरवलेली असली तरी चालते. बाजूने ‘चालू ठेवा’ म्हणणारं कुणीतरी एक ठेवा. घरात आजी असतील तर त्यांना प्रेक्षकांत बसवू नका, रिंगणात घ्या. आणि तुमच्यात कुणी विनोदी म्हणून आधीच प्रसिद्ध असेल, तर त्याला सुरुवातीला झाड करा. बोलण्याचं काम पुढे यथावकाश देता येईल.